साखरेचा लेख आणि वजनाचे माप

रेणापूर तालुक्यात निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे. या भागातल्या वर्गात ऊस उत्पादकांची मुले बसतात. त्यांच्यापुढे ‘जास्त साखर अपायकारक आहे का?’ हा प्रश्न मांडताना शिक्षकाला अवघडल्यासारखे होते. म्हणूनच एका जुन्या, वजनदार लेखाची चिकित्सा आम्ही येथे करीत आहोत.

१९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील तीन शास्त्रज्ञांचा आढावा-लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. हृदयविकार टाळण्यासाठी आहारातील संपृक्त मेद व कोलेस्टेरॉल कमी करावे, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१६ साली क्रिस्टिन कर्न्स व सहकाऱ्यांनी जुना पत्रव्यवहार उजेडात आणला. अमेरिकी साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने या लेखासाठी ६,५०० डॉलर दिले होते, त्याचा उद्देश ठरवला होता आणि कच्चे मसुदेही पाहिले होते. लेखात मात्र याचा उल्लेख नव्हता.

संपृक्त मेदाबद्दलचा इशारा खोटा नव्हता; तो आजही दिला जातो. दोष होता मापात. साखरेवर ठपका ठेवणाऱ्या अभ्यासांतील उणिवा लेखकांनी काटेकोरपणे मोजल्या, तर मेदावरील अभ्यासांना सवलत दिली.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याचा नियम त्या नियतकालिकाने १९८४ साली केला. तेव्हा इतर उद्योगही संशोधनाला पैसे देत, याला कट म्हणता येणार नाही, असे दोन इतिहासकारांनी २०१८ साली मांडले. हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. याच संस्थेने पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातील उंदरांवरच्या प्रयोगांना पैसे दिले; निकाल साखरेला प्रतिकूल दिसू लागल्यावर मदत बंद झाली आणि ते निकाल प्रसिद्ध झाले नाहीत.

मग उद्योगाच्या पैशातून होणारे सगळेच संशोधन वाईट का? नाही. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी १९७५ साली उभी केली. तिथली ऊतिसंवर्धित रोपे चांगली की वाईट, हे शेतकऱ्याला एकदोन हंगामांत आपल्याच रानात कळते. हृदयविकार जडायला मात्र वीस-तीस वर्षे लागतात. खाणाऱ्याला स्वतः पडताळा घेता येत नाही. छापील शब्दावरच विसंबावे लागते. म्हणून तिथे पैसा देणाऱ्याचे नाव झाकणे अधिक गंभीर ठरते.

‘अमुक खाल्ल्याने हृदय निरोगी राहते’ अशी बातमी वर्गात आली, की विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पैसे कोणी दिले? निकाल प्रतिकूल आला तरी तो छापण्याचा अधिकार कोणाकडे होता? दोन्ही बाजूंचे पुरावे एकाच मापाने मोजले का? हे विचारणे म्हणजे वडिलांच्या उसाशी वैर नव्हे, एवढे मात्र शिक्षकांनी मुलांना आधीच सांगावे.