हास्य-पॉडकास्ट आणि निष्ठावान श्रोता : ‘द ब्यूगल’च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विनोदाच्या समीक्षेत विनोदकार आणि विनोदी संहिता हे दोन घटक नेहमीच केंद्रस्थानी राहिले आहेत. विसंगती, अतिशयोक्ती, कोटी, उपहास, विडंबन यांची चर्चा करताना हसणारा माणूस मात्र गृहीत धरला जातो. तो हसला, एवढीच त्याची नोंद होते. परंतु तोच माणूस दर आठवड्याला, वर्षानुवर्षे, त्याच दोन व्यक्तींचे बोलणे ऐकण्यासाठी परत येत असेल, तर त्याचे येणे केवळ विनोदाच्या गुणवत्तेने स्पष्ट होत नाही. प्रत्येक विनोद तितकाच चांगला नसतो, हे त्यालाही ठाऊक असते. तरीही तो येतो. या येण्याला ‘निष्ठा’ असे नाव देता येईल.

पॉडकास्ट या श्राव्य माध्यमाने अशा निष्ठेला नवे रूप दिले आहे. प्रस्तुत लेखात ‘द ब्यूगल’ या इंग्रजी राजकीय हास्य-पॉडकास्टच्या आधारे निष्ठावान श्रोत्याचे स्वरूप, त्याच्या निष्ठेचा आधार आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. ही निष्ठा म्हणजे निव्वळ आभासी मैत्री, की श्रवणाची एक कमावलेली रीत, हा या विवेचनातील मुख्य प्रश्न आहे.

माध्यमाचे स्वरूप

‘पॉडकास्टिंग’ ही संज्ञा २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रातील बेन हॅमर्सली यांच्या लेखात प्रथम वापरली गेली. नभोवाणीपेक्षा हे माध्यम दोन बाबतींत वेगळे ठरते. पहिली बाब वेळेची. नभोवाणीचा श्रोता प्रक्षेपणाच्या वेळेशी बांधलेला असतो, तर पॉडकास्टचा श्रोता भाग उतरवून घेऊन आपल्या सवडीने ऐकतो. दुसरी बाब अंतराची. बहुतेक वेळा हे श्रवण कानात इअरफोन घालून, प्रवासात किंवा घरकाम करताना, एकट्यानेच होते. रंगमंचावरील विनोदकाराचा आवाज सभागृहातून येतो. पॉडकास्टमधील आवाज थेट कानाशी येतो.

येथे एक अंतर्विरोध लक्षात घेतला पाहिजे. हास्य हे नेहमी एखाद्या समूहाचे हास्य असते, असे प्रतिपादन आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात केले. पॉडकास्टचा श्रोता मात्र एकटाच हसतो. मग त्याचा समूह कोणता? या प्रश्नाचे उत्तर निष्ठेच्या स्वरूपात दडलेले आहे. एकट्याने हसताना, असेच एकटे हसणारे आणखी लोक आहेत, याची जाणीव त्याला असते. निवेदक त्या सर्वांना मिळून एक नाव देतात आणि त्या नावाने समूह आकाराला येतो. ‘द ब्यूगल’च्या श्रोत्यांना ‘ब्यूगलर्स’ असे संबोधले जाते आणि प्रत्येक भागाचा आरंभ याच संबोधनाने होतो. कीर्तनकाराने ‘श्रोतेहो’ म्हणावे आणि बसलेल्या माणसांची सभा व्हावी, तसेच हे आहे. फरक इतकाच, की येथे सभा कोणालाच दिसत नाही.

‘द ब्यूगल’ : रचना आणि विनोदाची जातकुळी

‘द ब्यूगल’चा आरंभ ऑक्टोबर २००७ मध्ये ‘द टाइम्स’ या लंडनच्या वृत्तपत्राच्या आश्रयाखाली झाला. जॉन ऑलिव्हर आणि अँडी झाल्ट्झमन हे त्याचे दोन निवेदक. दोघांनी त्यापूर्वी रंगमंचावर एकत्र काम केले होते, तसेच ख्रिस ॲडिसन यांच्यासह बीबीसी रेडिओ ४ वर ‘द डिपार्टमेंट’ ही मालिका केली होती. ऑलिव्हर २००६ पासून ‘द डेली शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कमध्ये होते आणि झाल्ट्झमन लंडनमध्ये. अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवरील दोन मित्रांनी आठवड्याच्या बातम्यांवर केलेले संभाषण, हा या कार्यक्रमाचा मूळ साचा होय.

या कार्यक्रमाने स्वतःला दृश्य जगासाठीचे श्राव्य वृत्तपत्र म्हणवून घेतले आणि वृत्तपत्राचेच विडंबन आपल्या रचनेत मुरवले. त्याच्या भागांना ‘अंक’ म्हटले जाते. प्रत्येक अंकात एखाद्या पुरवणीची घोषणा होते आणि ती पुरवणी थेट केराच्या टोपलीत जाते. रविवारच्या जाडजूड वृत्तपत्रातील पुरवण्या न वाचताच रद्दीत टाकणाऱ्या वाचकाला या क्लृप्तीचे मर्म सहज कळते. नव्या श्रोत्याला मात्र पहिल्या भागात तिचा अर्थ लागत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या भागात लागतो आणि दहाव्या भागात श्रोता तिची वाट पाहू लागतो. निष्ठेची जडणघडण अशा पुनरावृत्तीतून होते.

झाल्ट्झमन यांच्या विनोदाची दोन वैशिष्ट्ये येथे नोंदवली पाहिजेत. खऱ्या बातमीच्या ओघात ते पूर्णतः कपोलकल्पित तपशील तितक्याच गंभीर स्वरात सांगतात. त्यामुळे श्रोत्याला सतत सावध राहावे लागते. बातमी ठाऊक नसेल तर थट्टा कोठे सुरू झाली हेच कळत नाही. दुसरे वैशिष्ट्य कोट्यांच्या मालिकांचे. एकच विषय घेऊन त्यातील नावांवर एकामागून एक कोट्या करीत जाणे हा त्यांचा छंद. कोटी म्हणून यांतील कित्येक कोट्या सामान्य असतात. त्यांचा खरा परिणाम ऑलिव्हर यांच्या हताश विव्हळण्यात आणि थांबण्याच्या विनवण्यांत आहे. श्रोता कोटीला हसत नाही. एका मित्राने दुसऱ्याचा केलेला छळ आणि त्या छळातील आपुलकी यांना तो हसतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत : स्वतः हसणे आणि दुसऱ्यास हसविणे. ‘द ब्यूगल’मध्ये हे दोन्ही भेद एकाच वेळी आढळतात. एक निवेदक दुसऱ्याला हसवितो, दुसऱ्याला हसू आवरत नाही आणि त्या न आवरलेल्या हसण्याने श्रोता हसतो. निवेदकांचे परस्परांसाठीचे हसणे श्रोत्याला चोरून ऐकल्यासारखे वाटते आणि निष्ठेचे बीज याच ठिकाणी पडते.

जवळीक : आभास की अनुभव?

अशा जवळिकीचे शास्त्रीय विवेचन डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच केले होते. दूरचित्रवाणी आणि नभोवाणीवरील निवेदकाशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी नाते जुळते, त्याला त्यांनी परा-सामाजिक आंतरक्रिया असे म्हटले. निवेदक समोर बसल्यासारखा बोलतो आणि प्रेक्षक त्याला ओळखीचा मानू लागतो. पण निवेदकाला त्या विशिष्ट प्रेक्षकाचे अस्तित्वही ठाऊक नसते. या दृष्टीने पाहिल्यास ब्यूगलर्सची निष्ठा एक गोड गैरसमज ठरेल. झाल्ट्झमन यांचे क्रिकेटवेड, ऑलिव्हर यांचे लिव्हरपूल या फुटबॉल संघावरील प्रेम हे सर्व श्रोत्याला पाठ असते. त्या दोघांना श्रोत्याविषयी काहीही ठाऊक नसते.

हे विवेचन मान्य करूनही ते अपुरे वाटते. निष्ठावान श्रोता सहसा भ्रमात नसतो. आपण त्यांचे मित्र नाही, हे त्याला कळते. त्याला मैत्री करायची नसून मैत्री ऐकायची असते. दोन बुद्धिमान माणसे जगातील युद्धे, निवडणुका, आर्थिक अरिष्टे यांविषयी बोलताना एकमेकांना सावरतात कशी, याचा तो साक्षीदार असतो. २००८ मधील जागतिक आर्थिक अरिष्टाच्या काळातील अंक आज ऐकणाऱ्या श्रोत्याला त्यांतील बातम्या शिळ्या वाटतात, अनेक संदर्भ लागतही नाहीत. तरीही जुने अंक पुन्हा ऐकले जातात. बातमी विरते, तिच्यावरील थट्टा फिकी पडते, परंतु दोन आवाजांमधील नाते ताजे राहते. निष्ठेचा आधार विषय नसून स्वर आहे, याचा हा पुरावा मानता येईल.

मराठी श्रोत्याला याचे जवळचे उदाहरण म्हणून पु. ल. देशपांडे यांच्या ध्वनिमुद्रित कथनांचे स्मरण होईल. ‘बटाट्याची चाळ’ ज्यांना पाठ आहे, ते पुढचे वाक्य येण्यापूर्वीच हसतात. तथापि दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. पु. लं.ची संहिता घोटून सिद्ध झालेली, स्थिर संहिता आहे आणि तिच्यावरील निष्ठा ही अभिजात कलाकृतीवरील निष्ठा आहे. ‘द ब्यूगल’ची संहिता दर आठवड्याला जन्मते आणि जुनी होते. तेथे श्रोता कृतीवर नव्हे, तर सातत्यावर विसंबतो. त्यामुळेच हे सातत्य खंडित झाले, की निष्ठेची खरी परीक्षा होते.

निष्ठेची कसोटी

अशी परीक्षा दोनदा झाली. पहिली २०११ मध्ये. त्या वर्षी ब्रिटनमध्ये दूरध्वनी-हॅकिंगचे प्रकरण उघडकीस येऊन ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे साप्ताहिक जुलैत बंद पडले. ते साप्ताहिक आणि ‘द टाइम्स’ यांची मालकी रूपर्ट मरडॉक यांच्या एकाच उद्योगसमूहाकडे होती. ‘द ब्यूगल’ने आपल्या आश्रयदात्याच्या मालकाचीही थट्टा केली. वर्षअखेरीस ‘द टाइम्स’शी असलेला संबंध संपला आणि त्यानंतर कार्यक्रम स्वतंत्रपणे, श्रोत्यांच्या ऐच्छिक वर्गणीच्या आधारे सुरू राहिला. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षणीय बाब अशी, की श्रोत्याचे स्थान बदलले. फुकट ऐकता येणाऱ्या गोष्टीसाठी तो स्वेच्छेने पैसे देऊ लागला. रिकी जर्व्हेस यांच्या २००५ मध्ये सुरू झालेल्या पॉडकास्टची पुढील मालिका २००६ मध्ये विकत घ्यावी लागली होती. तेथे मूल्य हा अडसर होता. येथे ते कृतज्ञतेचे रूप होते. निष्ठा ही भावना न राहता जबाबदारी झाली.

दुसरी परीक्षा अधिक कठीण होती. एप्रिल २०१४ मध्ये ऑलिव्हर यांचा ‘लास्ट वीक टुनाइट’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, ‘द ब्यूगल’चे अंक विरळ होत गेले आणि अखेर ऑलिव्हर यांनी सहनिवेदकाची भूमिका सोडली. ज्या मैत्रीसाठी श्रोता येत होता, तिचा एक आवाजच उरला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये झाल्ट्झमन यांनी बदलत्या सहनिवेदकांसह कार्यक्रम पुन्हा सुरू केला. अंकांची मोजणी ४००१ पासून करून त्यांनी या खंडाचीही थट्टाच केली.

या परिवर्तनाने कार्यक्रमाचा आवाका मात्र वाढला. पूर्वीचे दोघे निवेदक अनुक्रमे केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथे शिकलेले इंग्रज पुरुष होते. आता ऑस्ट्रेलियाच्या ॲलिस फ्रेझर, ब्रिटनचे निश कुमार, अमेरिकेचे हरी कोंडाबोलू आणि मुंबईचे अनुवाब पाल असे वेगवेगळ्या देशांतील आवाज त्यात आले. ‘लॉइन्स ऑफ पंजाब प्रेझेंट्स’ (२००७) या चित्रपटाचे सहलेखक असलेले पाल जेव्हा ब्रिटिश साम्राज्याची थट्टा करतात, तेव्हा विनोदाची दिशा पालटते. पूर्वी साम्राज्यावरील विनोद हा राज्यकर्त्या देशाच्या वारसांनी केलेला आत्मोपहास होता. त्यात प्रामाणिकपणा होता, पण त्याचबरोबर स्वतःला क्षमा करून घेण्याची सोयही होती. ज्यांच्यावर राज्य केले त्यांच्यातील एक जण त्याच ध्वनिक्षेपकासमोर बसून हसू लागला, की ती सोय संपते. जुन्या श्रोत्याने या बदलाला ‘आपला’ कार्यक्रम बिघडला म्हणून नाकारावे, की आपले कान मोठे करावेत, हा निष्ठेपुढील खरा प्रश्न होता.

निष्ठेच्या मर्यादा

निष्ठावान श्रोत्याचे समर्थन करताना त्याचे दोष झाकणे योग्य नव्हे. पहिला दोष विवेकाच्या शैथिल्याचा. आवडत्या आवाजाचा फसलेला विनोदही त्याला खपतो. किंबहुना फसणे हाच विनोद मानला जातो. अशा वातावरणात निवेदकाला आपली धार बोथट झाल्याचे कळणे अवघड होते. दुसरा दोष कुंपणाचा. जुन्या संदर्भांची परिभाषा जितकी समृद्ध, तितका नवा श्रोता परका. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. राजकीय अन्यायावर दर आठवड्याला हसल्याने आपण त्याविरुद्ध काही केले, असे समाधान मिळू शकते. संताप हास्यातून वाहून जातो आणि कृतीसाठी काही उरत नाही.

या तिसऱ्या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. परंतु झाल्ट्झमन यांची खऱ्याखोट्याची सरमिसळ येथे विचारात घ्यावी लागते. ती श्रोत्याला बातमी नीट जाणून घेण्यास भाग पाडते. ज्याला घडलेले ठाऊक नाही त्याला हसता येत नाही. हसण्यासाठी जाणावे लागणे, ही नागरिकत्वाची किमान का होईना, पण पायरी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की हास्य-पॉडकास्टच्या श्रोत्याची निष्ठा ही केवळ आभासी मैत्री नाही आणि निव्वळ रसिकताही नाही. पुनरावृत्तीतून घडलेली, स्वरावर विसंबलेली आणि प्रसंगी आर्थिक जबाबदारी स्वीकारणारी ती एक श्रवणरीत आहे. तिची परीक्षा आवडते आवाज टिकतात तोवर होत नाही. ते बदलतात तेव्हा होते. ‘द ब्यूगल’च्या ज्या श्रोत्याने ऑलिव्हर यांच्या जाण्यानंतरही नव्या आवाजांना कान दिला, त्याने व्यक्तींवरील प्रेमाचे रूपांतर एका परंपरेवरील प्रेमात केले. ज्याला ते जमले नाही, त्याचे दुःखही खोटे ठरत नाही, कारण ऐकलेली मैत्री त्याच्यापुरती खरीच होती. विनोदाच्या समीक्षेने यापुढे हसविणाऱ्याच्या बरोबरीने, सातत्याने हसत राहणाऱ्याचाही विचार करणे अगत्याचे आहे.