आधी कान, मग पाना

मारुती ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं, पण कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावांच्या रस्त्यांवर ती अजून राबते आहे. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं तिचं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं. त्यामुळे त्याचा आवाज आधी ड्रायव्हरच्याच अंगात उतरतो. ‘स्लोवर ठोकते’, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना ठोका येतो, एवढ्या दोन शब्दांच्या तक्रारीवरून चांगला मिस्त्री नेमक्या बिघाडापर्यंत पोहोचतो. तो कोणत्या क्रमाने पोहोचतो हे निरखून पाहावं. त्यात एकही पायरी फालतू नसते आणि आधीची पायरी नंतर करून चालत नाही.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न: कधी वाजते? सकाळी थंड असताना वाजते आणि गरम झाल्यावर गप्प होते, तर संशय पिस्टन आणि बोअर यांच्यातल्या वाढलेल्या फटीवर. तापलेला पिस्टन फुगतो, फट कमी होते, आवाज विरतो. उलट गरम झाल्यावरच ठोकायला लागली, तर तापून पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या बेरिंगला सांभाळू शकत नाही असं समजायचं. स्लोवर ऑइलपंपही हळू फिरतो, म्हणून दाब सगळ्यात कमी तिथेच पडतो.

आता तो काय बाजूला ठेवतो तेही पाहा. भरल्या गाडीने कन्नडजवळचा औट्रम घाट चढताना इंजिन खणखणलं, तर पेट्रोल अवेळी भडकतंय असं म्हणता येतं. त्या आवाजाचा अभ्यास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केला, आणि तो दाबण्यासाठी जगभर पेट्रोलमध्ये कित्येक दशकं शिसं घातलं गेलं. भारतात ते २००० साली पूर्ण बंद झालं. पण त्या ठोक्याला भार लागतो. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला, आत हवा-पेट्रोल थोडं, दाब कमी. तिथे ठोका आला तर बहुतेक वेळा लोखंडच लोखंडावर आदळत असतं. म्हणून जाणता मिस्त्री पेट्रोलपंपाला दोष देत वेळ घालवत नाही. डिपस्टिक ओढतो आणि ऑइलची पातळी, रंग, दाटपणा पाहतो.

मग येते लय. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. स्लो मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असेल, तर कॅमचे फक्त ४५०. त्यामुळे कॅमच्या चालीने हलणाऱ्या टॅपेटचा आवाज निम्म्या गतीने येतो, बारीक आणि वरून: टक, टक, टक. कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्या सांध्यातल्या बिग एंड बेरिंगचा ठोका जड, खालचा, क्रँकच्या चालीने पडणारा. हे आकडे कोणी मोजत बसत नाही, पण मुरलेल्या कानाला दोन चाली वेगळ्या कळतात. शंका उरलीच तर प्लगच्या वायरला टायमिंग लाइट लावायचा. त्याचा दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच लखलखतो. आवाज त्याच्याबरोबर पडला तर तो बहुधा कॅमच्या बाजूचा.

जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक हेडवर, मग ब्लॉकवर, मग खालच्या ऑइल चेंबरवर, आणि मूठ कानाजवळच्या हाडावर. लोखंडातून आवाज हवेपेक्षा सुमारे पंधरा पट वेगाने आणि फारसा न विरता येतो. लेनेक या डॉक्टरांनी १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाच्या सुरळीतून रुग्णाचं हृदय ऐकलं, त्याच जातीची ही युक्ती.

या सगळ्याचा कळस म्हणजे सिलिंडर एकेक करून बंद करणं. इन्सुलेटेड पकडीने एका प्लगची वायर क्षणभर काढायची आणि तिचं टोक बॉडीला टेकवायचं. त्या पिस्टनवरचा स्फोटाचा रेटा थांबतो. ठोका मवाळ झाला तर त्याच सिलिंडरचं बेरिंग किंवा पिस्टन पिन गेली. काहीच फरक पडला नाही तर तिथून हलायचं आणि टॅपेट, पुली, माउंटिंग तपासायचं. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर इंजिन बहुधा निर्दोष. एकही नट न खोलता एवढं कळतं, आणि मला सगळ्यात मोठं कौशल्य यातच दिसतं.

दुरुस्तीलाही हाच संयम लागतो. टॅपेट असेल तर थंड इंजिनवर फिलर गेज घालायचा. तो किंचित अडखळत सरकला पाहिजे, मगच लॉक नट आवळायचा. बेरिंग असेल तर चेंबर उतरवून शेल पाहायचे, क्रँकचं जर्नल मायक्रोमीटरने मोजायचं. ओरखडे असतील तर ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ शेल बसवायचे. आणि ऑइल कमी का पडलं ते शोधायचं, पंपाची जाळी साफ करायची. हे शेवटचं काम टाळलं तर नवे शेलही लवकरच जुन्यांच्या वाटेने जातात.

याच्या उलटही गाड्या दुरुस्त होतात. स्लो वाढवून दिला, जाड ऑइल ओतलं, आवाज थांबला. मात्र झीज थांबलेली नसते, आणि एखाद्या दिवशी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो.

म्हणून गाडी स्लोवर ठोकायला लागली तर ‘इंजिन खोला’ असं आधीच सांगू नका. कधी वाजते, किती वेळ वाजते, ऑइलचा दिवा लुकलुकतो का, तेवढं नीट सांगा; दिवा लागला असेल तर इंजिन तिथेच बंद करा. आणि मिस्त्रीने अर्धा तास नुसतं ऐकून दहा मिनिटांत टॅपेट बसवून दिले, तर त्या अर्ध्या तासाची मजुरीही आनंदाने द्या.