‘लवचीक पर्यावरण’ आणि वैज्ञानिक निष्कर्षाची विश्वसनीयता : ‘मॉड्यूल्स’ प्रणालीची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकाश्रित संशोधनाची चर्चा बहुधा गणिती प्रतिमान आणि अंतिम निष्कर्ष या दोन टोकांभोवती फिरते. या दोहोंच्या मध्ये एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न दडलेला असतो : संशोधकाने आज्ञेचे नाव टंकित केल्यावर संगणकाने त्या नावाची नेमकी कोणती आज्ञावली चालवली? एकाच यंत्रावर एकाच कंपायलरच्या चार आणि पायथॉनच्या सहा आवृत्त्या नांदत असताना हा प्रश्न औपचारिक राहत नाही. त्याचे उत्तर प्रबंधात, शोधनिबंधात किंवा प्रयोगवहीत सहसा सापडत नाही. ते ‘पाथ’ नावाच्या एका पर्यावरण-चलात असते आणि सत्र संपताच पुसले जाते.

या चलांचे व्यवस्थापन करणाऱ्या साधनांपैकी ‘एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स’ ही प्रणाली सर्वांत दीर्घायुषी ठरली आहे. जॉन फर्लानी यांनी 1991 मध्ये युझनिक्स संस्थेच्या ‘लिसा’ परिषदेत ती मांडली. त्या निबंधाच्या शीर्षकातच वापरकर्त्याला ‘लवचीक पर्यावरण’ देण्याचे आश्वासन आहे. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम 8000’ हा महासंगणकही त्याच वर्षीचा, हा योगायोग लक्षणीय आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून उभ्या राहिलेल्या पुढच्या ‘परम’ यंत्रांवर काम करणाऱ्या संशोधकाला पहिल्या दिवशी शिकावी लागते ती ‘मॉड्यूल लोड’ हीच आज्ञा. या लवचीकतेची वैज्ञानिक कामाला कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाथची घडण

प्रारंभीच्या युनिक्समध्ये आज्ञा कोठे शोधायच्या, त्या जागा शेलमध्येच ठरलेल्या असत. 1979 च्या सातव्या आवृत्तीने आणि तिच्यासोबत आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलने पर्यावरण-चलांची पद्धत रूढ केली. पाथ म्हणजे विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी विभागलेली डिरेक्टरींची यादी. शेल ती डावीकडून उजवीकडे वाचतो आणि पहिली सापडेल ती आज्ञावली चालवतो. पुढे त्याच नावाची अधिक योग्य आज्ञावली असली, तरी तिच्याकडे तो पाहतही नाही. म्हणजे यादीतील क्रम हाच निर्णय होय.

हेच तत्त्व पुढे लायब्ररींना लागू झाले. ‘एलडी लायब्ररी पाथ’ हे चल चालू होणाऱ्या आज्ञावलीला तिच्या सामायिक लायब्ररी कोठे शोधाव्यात ते सांगते. येथे एक लहानसा सापळा आहे आणि तो बहुतेक प्रयोगशाळांतील सुरुवातीच्या फाइलींत आढळतो. नवी डिरेक्टरी जोडताना ‘नवी जागा, दोन टिंबे, जुने मूल्य’ असे लिहिण्याची प्रथा आहे. जुने मूल्य रिकामे असेल, तर शेवटी दोन टिंबे तशीच लोंबकळत राहतात. रिकाम्या घटकाचा अर्थ मात्र ‘चालू डिरेक्टरी’ असा घेतला जातो. परिणामी संशोधक ज्या डिरेक्टरीत उभा असेल, तेथील एखादी जुनी लायब्ररी निमूटपणे उचलली जाऊ शकते. कोणताही दोषसंदेश येत नाही.

फर्लानी यांचे खरे कौशल्य

पर्यावरणाचा एक नियम मॉड्यूल्सच्या मुळाशी आहे. जनक प्रक्रियेचे पर्यावरण अपत्य प्रक्रियेला वारशाने मिळते, परंतु अपत्याने केलेला बदल जनकापर्यंत उलट पोहोचत नाही. त्यामुळे स्वतंत्र आज्ञावली लिहून वापरकर्त्याच्या शेलचा पाथ बदलणे अशक्य ठरते. फर्लानी यांच्या रचनेने यावर काढलेला मार्ग चतुर आहे. त्यांची आज्ञावली बदल स्वतः करीत नाही. वापरकर्त्याच्या शेलला समजेल अशा भाषेत ती बदलाचा मजकूर छापते आणि ‘मॉड्यूल’ नावाचे शेल-फंक्शन तो मजकूर तेथल्या तेथे अमलात आणते. बोर्न शेल असो वा सी शेल, मॉड्यूलफाइल एकच राहते.

या प्रणालीचे दुसरे, आणि बहुधा अधिक मोठे, योगदान म्हणजे परतीची वाट. हाताने लिहिलेल्या सुरुवातीच्या फाइलीत पाथ वाढतच जातो. कोणती भर कोणत्या कामासाठी घातली, याचा मागमूस राहत नाही. मॉड्यूलफाइलमध्ये ‘ही डिरेक्टरी आरंभी जोडा’ एवढेच विधान असते. ‘लोड’ करताना ते सरळ आणि ‘अनलोड’ करताना उलट वाचले जाते. 1996 मध्ये फर्लानी आणि पीटर ओझेल यांनी लिहिलेल्या दुसऱ्या निबंधातही, वापरकर्त्याला तपशिलापासून दूर ठेवणे हेच या साधनाचे सामर्थ्य मानलेले दिसते.

आक्षेपाची सुरुवात येथूनच होते. व्यवस्थापकाच्या दृष्टीने तपशील झाकणे हा गुण आहे. विज्ञानात मात्र नेमक्या तपशिलाचीच साक्ष काढली जाते. शिवाय परतीची वाट वाटते तितकी सरळ नाही. एखाद्या चलाला आधीच मूल्य असेल आणि मॉड्यूलने त्याला नवे मूल्य दिले, तर पारंपरिक रचनेत ‘अनलोड’ केल्यावर ते चल कोरे होते. मूळ मूल्य परत येत नाही. म्हणून लोड आणि अनलोड केलेले सत्र आणि कधीच न छेडलेले सत्र ही समान नसतात. दिवसभर वेगवेगळी मॉड्यूल्स आत-बाहेर करणाऱ्या संशोधकाचे पर्यावरण हा त्या दिवसाचा इतिहास असतो. तो इतिहास कोठेही नोंदला जात नाही.

मूक दोषांचा प्रश्न

पाथ चुकला तर ‘आज्ञा सापडली नाही’ असा संदेश येईल, हा समज सार्वत्रिक आहे. तो संदेश आला तर संशोधकाचे नशीब चांगले म्हणावयाचे. खरी हानी संदेश न देणाऱ्या चुका करतात.

समांतर संगणनातील एक परिचित उदाहरण पाहण्यासारखे आहे. आज्ञावली ‘एमपीआयसीएच’ या संचाने बांधलेली आहे, परंतु पाथमध्ये आधी आलेली ‘एमपीआयरन’ ही आज्ञा ‘ओपन एमपीआय’ची आहे, असे समजावे. अशा वेळी 64 प्रक्रिया खरोखर सुरू होतात. मात्र त्यांतील प्रत्येकीला आपण एकटीच आहोत, आपला क्रमांक शून्य आहे, असे वाटू शकते. मग एकाच गणिताच्या 64 प्रती स्वतंत्रपणे चालतात आणि सर्व प्रती त्याच फाइलीवर निष्कर्ष लिहितात. काम ‘यशस्वी’ म्हणून संपते. आलेखही काढता येतो.

रेषीय बीजगणिताच्या लायब्ररींची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बेरजेचा क्रम बदलला की दशांश स्थळांच्या टोकाचे अंक बदलतात. स्थिर प्रश्नात हा फरक नगण्य असतो. रेणवीय गतिकीसारख्या संवेदनशील प्रणालीत मात्र दोन लायब्ररींनी काढलेले मार्ग काही काळाने पूर्ण वेगळे होतात. यात कोणतीही लायब्ररी चूक नसते. कोणती वापरली, एवढेच सांगता आले पाहिजे, आणि नेमके तेच सांगता येत नाही.

यात कामांची रांग सांभाळणाऱ्या प्रणालींची भर पडते. ‘स्लर्म’ ही प्रणाली काम सादर करणाऱ्याचे त्या क्षणीचे संपूर्ण पर्यावरण कामासोबत पाठवते; ‘पीबीएस’ मध्ये तसे मुद्दाम सांगावे लागते. म्हणजे स्लर्मवर सोमवारी आणि गुरुवारी दिलेल्या एकाच स्क्रिप्टचे अर्थ दोन असू शकतात. स्क्रिप्ट प्रबंधाच्या परिशिष्टात जोडली म्हणजे पद्धती उघड झाली, हा समज त्यामुळे टिकत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘मॉड्यूल पर्ज’ लिहून सर्व भार उतरवणे आणि मग आवृत्तिक्रमांकासह हवे ते लोड करणे, हा उपाय किरकोळ आहे. तो किती थोड्या स्क्रिप्टांत आढळतो, हे खेदजनक आहे.

उत्तराधिकारी साधने

टेक्सास अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग सेंटर येथे रॉबर्ट मॅक्ले यांनी विकसित केलेल्या ‘एलमॉड’ने विसंगत जोड्यांचा प्रश्न बराच सोडवला. तेथे मॉड्यूल्सची उतरंड रचता येते : आधी कंपायलर, मग त्या कंपायलरने बांधलेले एमपीआय संच, मग त्या दोहोंवर उभ्या असलेल्या लायब्ररी. कंपायलर बदलला की खालची मॉड्यूल्स आपोआप बदलतात अथवा निष्क्रिय होतात. वर वर्णिलेली 64 प्रतींची दुर्घटना या शिस्तीत सहजी घडत नाही. तरीही नाव आणि वस्तू यांतील अंतर कायमच राहते. मॉड्यूलचे नाव आणि आवृत्ती तीच ठेवून व्यवस्थापकाने मागची लायब्ररी नव्याने बांधली, तर वापरकर्त्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

या अंतरावर मूलगामी प्रहार केला तो एल्को डॉल्स्ट्रा यांच्या उट्रेख्ट विद्यापीठातील 2006 च्या प्रबंधाने. त्यात मांडलेल्या ‘निक्स’ प्रणालीत प्रत्येक घटकाची डिरेक्टरी त्याच्या सर्व आदानांवरून काढलेल्या संकेतांकाने ओळखली जाते. आदान बदलले की पत्ता बदलतो. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील टॉड गॅम्ब्लिन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडलेले ‘स्पॅक’ हीच दिशा महासंगणकांकडे नेते आणि लायब्ररीचा मार्ग ‘आरपाथ’ म्हणून आज्ञावलीच्या फाइलीतच कोरते. येथे निर्णय सत्राकडून वस्तूकडे सरकतो, आणि तोच योग्य म्हणावा लागेल. यातही एक बारकावा आहे. कोरलेला मार्ग ‘आरपाथ’ प्रकारचा असेल तर तो बाहेरच्या चलाआधी वाचला जातो. ‘रनपाथ’ प्रकारचा असेल तर बाहेरचे चल वरचढ ठरते. गंमत अशी, की स्पॅकसुद्धा वापरकर्त्यांच्या सोयीसाठी मॉड्यूलफाइली तयार करून देते. सवय साधनापेक्षा चिवट असते.

कंटेनर वापरले की हा प्रश्न मिटतो, असे उत्साहाने सांगितले जाते. हा दावा तपासून घ्यावा लागतो. महासंगणकांवर रुळलेली ‘सिंग्युलॅरिटी’ आणि तिचे आजचे रूप ‘अ‍ॅपटेनर’ या प्रणाली, वेगळे सांगितले नाही तर, यजमान यंत्रावरील पर्यावरण-चले आत येऊ देतात आणि वापरकर्त्याची होम डिरेक्टरीही जोडतात. होममधील दडलेल्या ‘लोकल’ डिरेक्टरीत कधीकाळी बसवलेले पायथॉनचे पॅकेज मग कंटेनरमधल्या पॅकेजच्या आधी उचलले जाऊ शकते. दार बंद, पण खिडकी उघडी.

मूळ प्रणालीही थांबलेली नाही. फ्रान्समधील झेवियर देलारुएल यांच्याकडे सूत्रे आल्यावर 2017 मध्ये तिची चौथी आवृत्ती आली. लोड केलेल्या मॉड्यूल्सचा संच नाव देऊन जतन करण्याची आणि तो पुन्हा जसाच्या तसा उभा करण्याची सोय तिच्यात आहे. ही सोय स्वागतार्ह आहे, पण जतन होते ती नावांची यादी. परीक्षकाला यादीपेक्षा ‘एलडीडी’ या आज्ञेचे आदानप्रदान अधिक उपयोगी पडेल. चालवलेली फाइल कोणत्या लायब्ररी कोणत्या जागेहून उचलणार, हे ती एकेका ओळीत दाखवते. गणित सुरू होण्यापूर्वी त्याच स्क्रिप्टमधून ही आज्ञा देऊन तिचे उत्तर निष्कर्षाच्या फाइलीशेजारी ठेवण्यास एक ओळ पुरते. फर्लानी यांनी झाकलेला तपशील वापरकर्त्यापासून झाकलेलाच राहतो, आणि निष्कर्ष तपासणाऱ्याला मात्र तो उपलब्ध होतो.