निरागसतेचे उपद्रवमूल्य : अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांचा चित्रपटविनोद

ईलिंग स्टुडिओच्या विनोदी चित्रपटांविषयी सौम्य, जिव्हाळ्याचा आणि लहान समूहाची बाजू घेणारा विनोद, अशी एक धारणा रूढ आहे. मायकेल बाल्कन यांच्या नेतृत्वाखाली महायुद्धोत्तर काळात निघालेल्या अनेक चित्रपटांना ती लागूही पडते. अलेक्झांडर मॅकेंड्रिक (१९१२–१९९३) यांची कारकीर्द मात्र तिच्यात पूर्णपणे सामावत नाही. त्यांच्या उत्तम विनोदी चित्रपटांत निरागसता हा केवळ गुण नसून ती एक विध्वंसक शक्ती आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

'द मॅन इन द व्हाइट सूट' (१९५१) मधील सिडनी स्ट्रॅटन न मळणारे, न झिजणारे कापड शोधून काढतो. गिरणीमालकांना बाजारपेठेची आणि कामगारांना रोजगाराची धास्ती वाटते. एरवी परस्परविरोधी असलेले हे दोन्ही वर्ग त्याच्या मागे लागतात. इथवर प्रेक्षकाची सहानुभूती संशोधकाकडेच असते. परंतु धुणी धुऊन पोट भरणारी एक वृद्धा आपल्या कामाचे काय होणार, असे त्याला विचारते, तेव्हा त्या सहानुभूतीला तडा जातो. स्ट्रॅटनने हा विचार कधी केलेलाच नसतो. अखेरीस कापड विरते, तो हास्यास्पद ठरतो. तरीही नवी कल्पना सुचताच तो उत्साहाने चालू लागतो. अनुभव त्याला काहीच शिकवत नाही.

'द लेडीकिलर्स' (१९५५) मध्ये हीच रचना अधिक काळोखी होते. मिसेस विल्बरफोर्स यांच्या घरी उतरलेले पाच दरोडेखोर त्यांना ठार मारू पाहतात आणि एकेक करून स्वतःच मरतात. वृद्धेने बोटही उचललेले नसते. ती पोलिसांना सारे सत्य सांगते. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि लुटीचा पैसा तिच्याकडेच राहतो.

हे श्रेय दिग्दर्शकाचे की पटकथाकारांचे, असा आक्षेप येऊ शकतो. 'द लेडीकिलर्स'ची पटकथा विल्यम रोझ यांची आहे. याचे उत्तर 'अ हाय विंड इन जमैका' (१९६५) देतो. रिचर्ड ह्यूझ यांच्या १९२९ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात ईलिंग नाही, रोझ नाहीत, रूढ अर्थाने विनोदही नाही. तरीही एका मुलीच्या गोंधळलेल्या साक्षीमुळे चाचे न केलेल्या खुनासाठी फाशी जातात. आकृतिबंध बदलला, पण रचना टिकून राहिली.

म्हणूनच या कारकिर्दीची 'ईलिंगचा बहर' आणि 'नंतरची उतरण' अशी विभागणी अपुरी ठरते. १९६७ नंतर मॅकेंड्रिक यांनी चित्रपट केला नाही. १९६९ पासून ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये अध्यापनाकडे वळले. या अल्प निर्मितीचे महत्त्व तुलनाकारासाठी वेगळे आहे. मराठी विनोदमीमांसेत निखळ विनोद आणि उपरोध यांत भेद केला जातो. मॅकेंड्रिक यांच्या चित्रपटांत हसू निखळ विनोदाचे आहे, त्याचा उरणारा कडवटपणा उपरोधाचा आहे. मात्र त्या उपरोधाला ठरावीक लक्ष्य नाही. दोष कोणाचा, हे ठरवण्याची सोय ते प्रेक्षकाला देत नाहीत.