निशाण कुणाच्या हाती?

नागपुरात कुणी ‘जरीपटक्याला जाऊन येतो’ म्हणालं, की ऐकणाऱ्याला फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती आठवते, सकाळचं दाल-पकवान आठवतं. मराठी फौजेचं जरीचं निशाण सहसा आठवत नाही. मला ते आठवलं एका शोधनिबंधातलं चित्र बघताना.

निबंध २००३ सालचा, होल्गर गेरहार्ट आणि सहकाऱ्यांचा. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या डोळ्याचा पडदा त्यांनी घेतला आहे. जन्मतः त्यावर रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. मधून निघून त्या कडेपर्यंत पसरत जातात. या पसरत्या जाळ्याची कड बघावी. प्रत्येक फुटव्याच्या टोकाला एक पेशी, तिला केसाहूनही बारीक बोटं फुटलेली, पुढचं चाचपडणारी. मागच्या पेशींना अशी बोटं नाहीत. त्या एकीच्या दोन होत रांग लांबवतात. टोकाची पेशी त्या भानगडीत सहसा पडत नाही, ती वाट काढते. निशाण तिच्या हाती.

ही स्वारी निघते प्राणवायूच्या टंचाईमुळे. प्राणवायू पुरेसा असला की एचआयएफ हे प्रथिन तयार होताच मोडीत निघतं. टंचाईत ते टिकतं आणि व्हीईजीएफ या संदेश-प्रथिनाचं उत्पादन वाढवतं. पेशींना प्राणवायूची ही चणचण कशी कळते, ते शोधणाऱ्या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. कथा सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. माझ्या मते रंगत पुढे आहे.

व्हीईजीएफची ही हाक तर सगळ्यांनाच ऐकू जाते. मग सगळ्याच पेशी निशाण घेऊन का धावत नाहीत? जिला हाक किंचित मोठ्यानं ऐकू येते, ती आपल्या अंगावर डेल्टा-४ नावाचं प्रथिन जास्त बाळगते. ते शेजारणीच्या नॉच या ग्राहीला जाऊन भिडतं, आणि शेजारणीला ती हाक मंद ऐकू येऊ लागते. व्हीईजीएफ दुरून झिरपत येतं. हा निरोप मात्र अंगाला अंग लागल्याशिवाय पोचत नाही. मैफलीत मागे बसलेल्या शिष्याला बुवा नुसत्या नजरेनं थांबवतात ना, तसं. आणि हा मान कायमचाही नाही. मागची पेशी संधी मिळताच पुढे सरकून टोक पटकावते. दाद द्यावी ती या थांबवण्याला. हाक काय, कुणीही मारेल.

नॉचचा निरोप बंद केला तर काय होतं, तेही लोकांनी करून पाहिलं. जो तो पुढारी! २००६ मध्ये उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींवर असे प्रयोग झाले तेव्हा वाहिन्या वाढल्या, पण त्यांतून रक्त नीट वाहीना, आणि गाठीची वाढ मंदावली.

हाकेला आवर नसला की काय होतं, त्याचं एक चित्र विदर्भात घराजवळच सापडतं. सिकलसेल इथे जुना आहे. जरीपटक्यातच थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या मुलांसाठी केंद्र आहे. सिकलसेलमध्ये कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या तुंबवतात. उपाशी पडदा हाक मारतो, आणि जिथे रक्त पोचतं व जिथे पोचत नाही त्या सीमेवर नव्या वाहिन्यांचा झुपका फुटतो. डॉक्टर त्याला ‘सी फॅन’ म्हणतात, समुद्रातल्या पंख्याच्या आकाराच्या पोवळ्यावरून. दिसायला देखणा, पण रचना म्हणून साफ फसलेला. त्याच्या वाहिन्या झिरपतात; हाक आली त्या उपाशी भागाला पोसायचं सोडून डोळ्यातल्या पारदर्शक गरात चढतात; आणि फुटल्या तर आत रक्त साचून नजर जाते. कधी कधी हा पंखा स्वतःच्याच वाहिन्या तुंबून आपोआप सुकतो, एवढाच दिलासा.

पंखा उगवतो तेव्हा दिसण्यात बहुधा काहीच फरक पडत नाही. म्हणून घरात सिकलसेलचं मूल असेल, तर तक्रारीची वाट बघू नका. दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी, थेंब घालून बाहुली मोठी करून, डोळ्याचा पडदा तपासून घ्या.