शब्दसंपत्ती आणि शब्दसंगती

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत नॉर्मन लुईस यांच्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ इतके दीर्घायुष्य फार थोड्यांना लाभले आहे. १९४९ साली ते अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाले, १९७८ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली आणि आजही आपल्या शहरांतील पदपथांवर ते हमखास दिसते. इंदूर असो, वडोदरे असो की हैदराबाद, ज्या घरात स्पर्धा-परीक्षेस बसणारे मूल आहे तेथे हे पुस्तक बहुधा असतेच. एवढ्या पिढ्यांनी ज्याच्यावर विश्वास टाकला, त्या पुस्तकाचे गुणदोष एकदा शांतपणे तपासणे अगत्याचे आहे.

गुणांपासून आरंभ करू. लुईस शब्दांची याद देत नाहीत, शब्दांची कुळे देतात. ‘ईगो’ म्हणजे ‘मी’ हे एकदा सांगितले की स्वार्थ पाहणारा तो ‘ईगोइस्ट’ आणि स्वतःचीच टिमकी वाजविणारा तो ‘ईगोटिस्ट’ हा बारीक भेद ते उलगडून दाखवितात. ‘अल्टर’ म्हणजे ‘दुसरा’, म्हणून परहित पाहणारा तो ‘अल्ट्रुइस्ट’. ग्रीक ‘अँथ्रोपॉस’ म्हणजे मनुष्य, त्यावरून मनुष्यद्वेष्टा तो ‘मिसँथ्रोप’. प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारावयास लावणे, पुनःपुन्हा उजळणी घेणे, मध्येच विसावा देऊन व्याकरणाच्या चार गोष्टी सांगणे, ही सारी शिक्षकाची हातोटी आहे. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही पद्धती परकी वाटत नाही. पुस्तकाच्या आपल्याकडील लोकप्रियतेचे एक कारण हेही असावे.

परंतु जी परंपरा आपल्याला या पद्धतीची गोडी लावते, तीच तिच्या मर्यादाही शिकविते. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द झाले. धातूचा अर्थ ठाऊक असलेला मनुष्य केवळ त्याच्या बळावर ‘विहार’ आणि ‘संहार’ यांतले अंतर सांगू शकेल काय? व्युत्पत्ती शब्द स्मरणात ठेवावयास साहाय्य करते, अर्थाची हमी देत नाही. ही गोष्ट आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना तर कोणी सांगावयास नको. घरात ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. घरात ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा आणि बाहेर प्रयत्न. घरात ‘यातायात’ म्हणजे दगदग आणि चौकातील फलकावर वाहतूक. मूळ एकच, पण दोन भाषांनी शब्दाला दोन वळणे लावली. इंग्रजीतही हेच घडते. ‘इन’ हा उपसर्ग पुष्कळदा नकार दर्शवितो, म्हणून ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असा तर्क कोणी केला, तर तो जिवावर बेतेल. त्या शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारे असाच आहे. हा घोटाळा टाळण्यासाठीच धोक्याच्या सूचनांत ‘फ्लेमेबल’ हा शब्द रूढ करण्यात आला.

याहून मोठी उणीव निराळी आहे. हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्या अमेरिकन वाचकाची मातृभाषा इंग्रजी होती. त्याच्यापाशी भाषेचा कान होता, विद्वज्जनांचे शब्द तेवढे नव्हते. ते लुईस यांनी पुरविले. आपल्या मुलांची स्थिती नेमकी उलट आहे. शब्द त्यांना पाठ करता येतात, कान मात्र तयार झालेला नसतो. शब्दाची खरी ओळख त्याच्या संगतीवरून होते, असे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली प्रतिपादिले. मराठी माणसाची झोप गाढ असते आणि धुके दाट असते; ‘दाट झोप’ म्हणणारा परका म्हणून तात्काळ ओळखू येतो, जरी व्याकरणाने त्यात काही चूक नसली तरी. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि मोटार ‘पॉवरफुल’ असते; विशेषणांची अदलाबदल केली की वाक्य हास्यास्पद होते. लुईस यांचे सराव मुख्यत्वे जोड्या लावणे, होय-नाही सांगणे आणि व्याख्येवरून शब्द आठवणे या स्वरूपाचे आहेत. त्यांनी शब्द ओळखता येतो, पण तो वाक्यात कोणाशेजारी बसवावा हे कळत नाही.

यशाच्या आश्वासनाबद्दलही बोलले पाहिजे. यशस्वी माणसांचा शब्दसंग्रह मोठा असतो, या जॉन्सन ओ’कॉनर यांच्या प्रयोगशाळेच्या निष्कर्षाचा आधार पुस्तकाने घेतला आहे. ओ’कॉनर यांनी हा विचार १९३४ सालीच एका लेखातून मांडला होता. पण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. विपुल वाचन, चांगले शिक्षण आणि घरचे वातावरण यांतून दोन्ही एकदमच येत असतील, तर नुसते शब्द घोकून काय हाती लागणार? शिवाय ज्या परीक्षांच्या धास्तीने घोकंपट्टी वाढली, त्याही बदलल्या आहेत. ‘जीआरई’ने विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ साली वगळले, आणि २०१६ साली नव्याने आखलेल्या ‘सॅट’मध्ये दुर्मीळ शब्दांऐवजी संदर्भावरून अर्थ ओळखण्यावर भर आला.

आपल्या आजोबा-पणजोबांनी इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवरून. तिची वाक्ये आज बोजड वाटतील, परंतु तेथे शिकलेला शब्द लगेच वाक्यात वापरावा लागे आणि तेही आपल्या भाषेशी ताडून. जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी हीच गरज ओळखली. परभाषिकांसाठी त्यांनी केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने तो स्वीकारला. क्रियापद कोणत्या रचनेत येते आणि नाम मोजता येते की नाही, हे तो सांगतो. आपल्या विद्यार्थ्याला नेमके हेच हवे असते.

तेव्हा लुईस यांना निरोप द्यावा असे मुळीच नाही. कुळाची ओळख त्यांच्याकडून करून घ्यावी, शेजारपाजार हॉर्नबींच्या कोशात पाहावा, आणि तो शब्द एखाद्या चांगल्या लेखकाच्या दोन-चार वाक्यांत भेटल्यावाचून स्वतःच्या लेखणीत घेऊ नये. जेथे साधा शब्द पुरतो तेथे अवघड शब्द घालू नये, हा फाउलर बंधूंनी १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये दिलेला सल्ला त्याला जोडावा. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या आपल्या मुलांना ‘शिक्षा’ शब्दाची दोन्ही रूपे न शिकविता कळतात, कारण ती त्यांनी माणसांच्या तोंडून ऐकलेली असतात. इंग्रजी शब्दही असाच माणसांतून आणि पुस्तकांतून भेटावा लागतो. याद्यांतून मिळते ती केवळ त्याची नावनोंदणी.