रेडिओ जरा बंद करा, रेकॉर्डिंग चालू आहे



आजचा विषय 'पॉडकास्ट आणि सार्वजनिक रेडिओ' असा ठरलाय. सुरुवात एका छोट्या प्रसंगापासून करतो. आपल्या गोवंडीतल्याच एका जरीच्या कारखान्यात एक तरुण पॉडकास्टर कारागिरांशी बोलायला गेला. कोपऱ्यात विविध भारती चालू होती. तो म्हणाला, "रेडिओ जरा बंद करा, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतोय." त्यांनी बंद केला. हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं आणि तो भाग ऐकायला दिला.

भाग चांगला आहे, हे आधी सांगतो. कारागीर मोकळेपणानं बोलतात, त्यांना कुणी मध्येच तोडत नाही. आकाशवाणीच्या पंधरा मिनिटांत हे बसलं नसतं. तरी ऐकून झाल्यावर मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. विचार करता करता मी त्या बंद केलेल्या रेडिओपाशी येऊन थांबलो.

'सार्वजनिक' म्हणजे काय हो? तीन अर्थ संभवतात. मालकी सगळ्यांची, बोलणारे सगळे, आणि ऐकणारे सगळे.

मालकीचं बघा. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ ला. तोवर आकाशवाणी सरळसरळ सरकारी खातंच होतं, आणीबाणीत ते आपण ऐकलंच. तेव्हा जुन्या रेडिओची आरती ओवाळायला मी इथे आलेलो नाही.

बोलणाऱ्यांच्या बाबतीत पॉडकास्ट निर्विवाद पुढे आहे. रेडिओनं नुसतं ऐकवू नये, ऐकूनही घ्यावं, अशा अर्थाचं ब्रेख्त १९३२ साली म्हणाला होता. ते आज एका मोबाइलवर होतं. आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' या सामुदायिक रेडिओवर गावातली माणसं स्वतः बोलतात, पण त्याला परवाना लागतो. पॉडकास्टला तोही लागत नाही.

अडचण आहे ती ऐकणाऱ्यांची. १९५२ साली केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली. लोकांनी काय केलं? मोर्चा नाही काढला, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे आपल्या मुंबईचे अमीन सयानी 'गीतमाला' घेऊन आले. शेवटी १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांनी सरकारला नमवलं, कारण सगळे एकाच वेळी एकाच पट्टीवर ऐकत होते. आणि काटा फिरवताना वाटेत न मागितलेलंही कानावर पडायचं. शेतीच्या बातम्या, कुठलंसं कीर्तन, अनोळखी गावांची नावं. झुमरी तलैया कुठे आहे हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? पण फर्माइशीमुळे ते नाव घराघरांत पोचलं.

पॉडकास्टमध्ये हा योगायोग उरत नाही. तुम्ही शोधाल ते मिळतं, किंवा तुमच्यासारख्यांना आवडलेलं पुढ्यात येतं. मग जरीवाल्यांचा तो भाग कोण ऐकणार? ज्याला त्यांच्याविषयी आधीच आस्था आहे तो. ज्यानं ऐकायला हवं, त्याच्या वाटेत तो येतच नाही. बोलायला मिळणं आणि समाजाच्या कानावर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला पॉडकास्टर पहिली साधतो आणि दुसरीही साधली असं धरून चालतो.

एक योगायोग सांगतो. मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. देवनारचं डम्पिंग ग्राउंडही १९२७ सालचंच. शहरानं एकाच वर्षी आवाज पाठवायची सोय केली आणि कचरा पाठवायचीही. आपल्याकडे कचरा आला. आपला आवाज मात्र शहराकडे फारसा गेला नाही. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंगला आग लागली, धूर शहरभर पसरला, तेव्हा कुठे चर्चा झाली.

म्हणून त्या तरुणाला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हाच भाग घेऊन आकाशवाणीचं दार ठोठाव. नाही म्हणतील, तरी पुन्हा जा, ते दार आपल्या पैशाचं आहे. दुसरी, पुढच्या वेळी कारखान्यात गेलास की रेडिओ बंद करायला सांगू नकोस. काय लावलंय आणि का लावलंय, ते आधी विचार. कारागिरांचं बोलणं कदाचित तिथूनच सुरू होईल.